दहा वर्षांची शिक्षा अपिलात पाचवर येईल का?

प्रश्न : जून २०१९ मध्ये, शाळेच्या सुट्टीत, भावकीतल्या माझ्या चुलत दिराने माझ्या मुलावर दोनदा अत्याचार केला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. गेल्या महिन्यात विशेष न्यायालयाने दिराला पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम ६ खाली दहा वर्षं सक्तमजुरी आणि २५ हजार रुपये दंड ठोठावला. आता त्याचे लोक गावभर सांगतात की उच्च न्यायालयात ही शिक्षा पाच वर्षांवर येईल आणि तो दिवाळीला घरी असेल. दुसरीकडे शेजारच्या गावात अशाच गुन्ह्याला वीस वर्षं झाली, मग आम्हाला दहाच का? शिक्षा वाढवण्यासाठी आम्ही अपील करू शकतो का? भावकीतली मोठी माणसं म्हणतात, पैसे घ्या आणि ‘आमची तक्रार नाही’ असं शपथपत्र द्या. मुलाला पुन्हा कोर्टात उभं राहावं लागेल का, याची सगळ्यांत जास्त भीती वाटते.
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही ‘दहा वर्षं’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या आहेत. रेघा ओढायला हव्यात त्या ‘कलम ६’ खाली. बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालय दयेपोटी चार-दोन वर्षं कमी करतं, असा समज गावोगावी आहे. प्रत्यक्षात कलम खाली येतं, आणि वर्षं त्याच्या मागोमाग उतरतात. कलम जागेवर राहिलं तर तुमच्या निकालात कापायला जागाच नाही.

कारण सरळ आहे. शरीरात प्रवेश करून अत्याचार झाला आणि त्यात कलम ५ च्या खंडांत दिलेली एखादी गंभीर बाब असली, की शिक्षा कलम ६ खाली होते. जून २०१९ मध्ये जो कायदा लागू होता, त्यात कलम ६ खाली किमान शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी होती आणि कमाल जन्मठेप. विशेष न्यायालयाने किमान दिली आहे. कायद्याने ‘यापेक्षा कमी नाही’ असं म्हटलं की त्या रेषेखाली जाण्याची मुभा विशेष न्यायालयालाही नसते आणि उच्च न्यायालयालाही नसते. आरोपीचं वय, घरची गरिबी, लहान मुलं, म्हातारे आईवडील, पहिलाच गुन्हा ही सगळी कारणं वकील मांडतील. पण ती उपयोगी पडतात ती किमान आणि कमाल यांच्यामध्ये. जन्मठेप झाली असती, तर याच कारणांवर उच्च न्यायालय ती दहा-बारा वर्षांवर आणू शकलं असतं. शिक्षा निम्म्यावर आल्याच्या ज्या गोष्टी तुमच्या कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याच अशा वरच्या शिक्षेच्या असतात.

पाच वर्षांच्या बाता येतात कुठून, तेही सांगतो. भारतीय दंड संहितेच्या बलात्काराच्या कलमात २०१३ पर्यंत एक परंतुक होतं : ‘विशेष आणि पुरेशी कारणं’ नोंदवून न्यायालय किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकत असे. २०१३ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. पोक्सोत तर ते कधी नव्हतंच. पण जुनी सवय वकिलांच्या बोलण्यातून आणि गावच्या पारावरून जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२३ चा सोनू कुशवाह खटल्यातला निकाल तुमच्या वकिलांनी हाताशी ठेवावा. उत्तर प्रदेशातल्या त्या खटल्यात मुलगा साधारण दहा वर्षांचा होता. विशेष न्यायालयाने कलम ६ खाली दहा वर्षं दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण हा गुन्हा कलम ४ मध्ये बसतो असं म्हणून शिक्षा सात वर्षांवर आणली. राज्य सरकार वर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते इतकंच : मूल बारा वर्षांखालचं आहे ना? मग कलम ५ चा ‘एम’ खंड लागतो, म्हणजे कलम ६, म्हणजे किमान दहा. शिक्षा पुन्हा दहा वर्षं झाली. बघा, अलाहाबादलाही ‘दया म्हणून तीन वर्षं कमी’ असं झालं नव्हतं. आधी कलम बदललं होतं.

तेव्हा तुमच्या दिराचे वकील उच्च न्यायालयात काय करतील, याचा अंदाज बांधता येतो. पहिला प्रयत्न निर्दोष सुटण्याचा असेल. पहिलं अपील हा आरोपीचा हक्क आहे, आणि त्यात सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. विशेष न्यायालयाने मानलं म्हणून उच्च न्यायालय डोळे मिटून मानत नाही. ते साधलं नाही तर दुसरा प्रयत्न कलम उतरवण्याचा. जून २०१९ च्या कायद्यानुसार पायऱ्या अशा होत्या : कलम ६ ला किमान दहा वर्षं, कलम ४ (प्रवेश, पण गंभीर बाब नाही) ला किमान सात, कलम १० (प्रवेश नाही, लैंगिक स्पर्श आणि गंभीर बाब) ला पाच ते सात, कलम ८ (नुसता लैंगिक स्पर्श) ला तीन ते पाच, आणि कलम १२ (लैंगिक छळ) ला तीन वर्षांपर्यंत, किमान काहीच नाही. ‘भोगलेली कैद पुरेशी’ असा आदेश निघतो तो या शेवटच्या पायरीसारख्या किमान नसलेल्या कलमांत. ‘पाच वर्षं’ खरी व्हायची असतील तर दिराला कलम ६ वरून कलम १० वर यावं लागेल, म्हणजे शरीरात प्रवेश झालाच नाही, फक्त स्पर्श होता, असं न्यायालयाला पटवावं लागेल.

म्हणून निकालाची प्रत हातात आली की शेवटच्या पानावरच्या आदेशाआधी तीन गोष्टी शोधा. पहिली, दोषारोपात कलम ५ चे कोणते खंड लिहिलेत आणि निकालात कोणते सिद्ध धरलेत. तुमच्या हकिगतीत तीन खंड दिसतात : ‘एल’, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा, ‘एम’, म्हणजे मूल बारा वर्षांखालचं, ‘एन’, म्हणजे रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने नातेवाईक. यांतला एकही खंड टिकला तरी कलम ६ टिकतं. तीन पायांची तिवई एक पाय मोडला की आडवी होते. इथे उलट आहे, दोन मोडले तरी तिसऱ्यावर उभं राहता येतं. फक्त ते तीनही दोषारोपात आणि निकालात हवेत. विशेष न्यायालयं पुष्कळदा ‘मूल नऊ वर्षांचं, पुरे झालं’ म्हणून बाकीच्या खंडांवर दोन ओळीही लिहीत नाहीत. तसं झालं असेल तर सरकारी वकिलांना उच्च न्यायालयात ते मुद्दे साक्षीतून उचलून दाखवावे लागतील. त्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट वयाचा पुरावा. सगळ्यांत साधं प्रकरण इथे घसरतं. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. २०२३ च्या पी. युवाप्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलल्याचा दाखला या यादीत बसत नाही असं सांगितलं आणि वय सिद्ध न झाल्याने पोक्सोची शिक्षा टिकली नाही. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड जोडून पोलीस मोकळे होतात. जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन मुख्याध्यापक साक्षीला आले होते का? ती नोंद जन्मदाखल्यावरून केली होती, की गुरुजींनी १ जून टाकून दिली होती? जन्मदाखला कोर्टात निशाणी क्रमांकासह दाखल झाला आहे का, की नुसता फाइलीत आहे? हे तीन प्रश्न सरकारी वकिलांना विचारा. तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे : नऊ आणि बारा यांत तीन वर्षांचं अंतर आहे. हाडांच्या तपासणीत धरतात तशी दोन वर्षांची मागेपुढे सवलत आरोपीला दिली तरी मूल बाराच्या आतच राहतं. साडेअकरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात हा आराम नसतो.

तिसरी गोष्ट साक्षीतले शब्द. नऊ वर्षांचं मूल ‘घाण केलं’, ‘दुखवलं’ एवढंच म्हणतं. मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबात एक, कोर्टातल्या साक्षीत दुसरं, वैद्यकीय अहवालातल्या हकिगतीत तिसरं, अशी तफावत काढून कलम १० ची मागणी होते. मूळ घटनेबद्दल मूल ठाम असेल तर किरकोळ तफावतीने साक्ष पडत नाही, आणि जखम दिसली नाही म्हणून प्रवेश झाला नाही असंही नसतं. पोक्सोच्या कलम ३ मध्ये प्रवेश किती झाला पाहिजे याची अटच नाही. तरी न्यायाधीशांनी निकालात मुलाचे नेमके शब्द उतरवून त्यावरून निष्कर्ष काढला आहे का, ते बघून ठेवा. ज्या निकालात मुलाची वाक्यं जशीच्या तशी असतात, तो वर टिकायला जड जात नाही.

कलमाचा अर्थ लावण्यात उच्च न्यायालयही चुकू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपड्यांवरून झालेल्या स्पर्शाला पोक्सोचं कलम ८ लागत नाही असं म्हणून तीन वर्षांची शिक्षा दंड संहितेच्या कलम ३५४ (विनयभंग) खाली एका वर्षावर आणली. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला : महत्त्व लैंगिक हेतूला आहे, त्वचेला त्वचा लागण्याला नाही. तिथेही आधी कलम घसरलं, मग वर्षं.

आता शेजारच्या गावच्या वीस वर्षांचं. गुन्ह्याच्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. नंतर वाढवलेली शिक्षा मागे जाऊन लावता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) मध्येच आहे. कलम ६ ची किमान शिक्षा वीस वर्षं झाली ती १६ ऑगस्ट २०१९ पासून. कमालही वाढली : जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य, किंवा फाशी. तुमचा गुन्हा जूनमधला, म्हणजे त्याच्या दोन महिने आधीचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या सतौराम मंडावी खटल्यात हेच केलं. घटना २० मे २०१९ ची होती, खालच्या न्यायालयांनी नव्या कलम ६ ची ‘उरलेलं आयुष्य’ ही शिक्षा दिली होती. ती काढून जुन्या कलमाची साधी जन्मठेप ठेवली. म्हणजे तुमच्या न्यायाधीशांनी भावनेच्या भरात वीस वर्षं दिली असती, तर अपिलात तीच सगळ्यांत कच्ची जागा ठरली असती. शेजारच्या खटल्यात पीडित मुलगी असेल तर आणखी एक तारीख लागते. २१ एप्रिल २०१८ पासून दंड संहितेत बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासाठी वेगळं कलम ३७६ एबी आलं होतं, किमान वीस वर्षांचं. आणि पोक्सोच्या कलम ४२ नुसार दोन कायद्यांपैकी जिथे शिक्षा जास्त ती द्यायची असते. ते कलम फक्त मुलींसाठी होतं. मुलग्यांच्या बाबतीत कायदा सव्वा वर्ष मागे राहिला हे खरं, आणि त्याचा फटका तुमच्यासारख्या घरांना बसला. पण तो अपिलात भरून निघणारा नाही.

शिक्षा वाढवण्यासाठी तुम्हाला स्वतःला अपील करता येत नाही. पीडिताला अपिलाचा हक्क तीन बाबतींत आहे : आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला तर, आणि भरपाई अपुरी असेल तर. ‘शिक्षा अपुरी’ ही बाब त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परविंदर कंसल खटल्यात ते स्पष्ट केलं. तो हक्क राज्य सरकारचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ खाली. जुने वकील त्याला अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ‘३७७’ म्हणतील, घाबरू नका, बाब तीच आहे. मुदत निकालापासून साठ दिवसांची. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. रस्ता असा : जिल्ह्यातले सरकारी वकील अभिप्राय देतात, प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो, तिथून मंजुरी आली की उच्च न्यायालयातले सरकारी वकील अपील दाखल करतात. तुम्ही लेखी अर्ज देऊन हा प्रस्ताव मागू शकता. अर्ज एक पानाचा पुरे, आणि पोच घ्या. गाव हळहळतं, लोक संतापलेत, असं त्यात लिहून उपयोग नाही. लिहायचं ते हे : अत्याचार दोनदा झाला, आरोपी घरचा आणि विश्वासातला होता, धमकी दिली होती का, मुलाची शाळा सुटली का, उपचार कुठे आणि किती काळ चालले. त्यांतलं जे साक्षीत आलं आहे त्याचं पान सांगा. कोर्टाच्या रेकॉर्डवर नसलेल्या गोष्टीला अपिलात वजन नसतं.

पण अपेक्षा मापात ठेवा. शिक्षा वाढवताना उच्च न्यायालय ‘आम्ही असतो तर जास्त दिली असती’ एवढ्यावर हात घालत नाही. शिक्षा उघडउघड अपुरी आहे, किंवा न्यायाधीशांनी एखादी गंभीर बाब विचारातच घेतली नाही, असं दिसावं लागतं. आमच्या मते तुमच्या खटल्यात ‘दोनदा’ आणि ‘घरचा माणूस’ या दोन्हींवर शिक्षेच्या परिच्छेदात एक शब्द नसेल तर प्रस्ताव करण्यासारखा आहे. दोन्हींचा विचार करून दहा वर्षं दिली असतील तर आशा थोडी. सरकारने नकार दिला तर उच्च न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत पुनरीक्षण अर्ज (खालचा निकाल तपासून पाहा अशी विनंती) करण्याची वाट उरते. ती बंद नाही, पण अरुंद आहे. आणि आरोपीनेच अपील केल्यावर उलट त्याचीच शिक्षा वाढेल, असं कुणी सांगत असेल तर विसरा. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नागराजन खटल्यात सांगितलं आहे की आरोपीच्या स्वतःच्या अपिलात, समोरून कुणी मागणी केलेली नसताना, उच्च न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही.

जिथे तुमचा हक्क पक्का आहे, त्याकडे पत्रात तुमचं लक्ष गेलेलं नाही : भरपाई. आदेशात ‘२५ हजार दंड, वसूल झाल्यास वीस हजार मुलाला’ एवढंच असेल, तर ते पैसे अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याच्या निकालापर्यंत, मिळत नाहीत. पोक्सोच्या कलम ३३(८) खालची भरपाई वेगळी. ती सरकारने द्यायची असते, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि आरोपीने दंड भरला की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच सैबाज शेख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की लहान मुलं आणि स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारात सत्र न्यायालयाने भरपाईचा आदेश द्यायलाच हवा. तुमच्या निकालात त्यावर मौन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लगेच अर्ज करा, मनोधैर्य योजनेतून (अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मदत योजनेतून) काही मिळालं असेल तर त्याचा उल्लेख करून. रक्कम अपुरी वाटली तर वर सांगितलेल्या तीन हक्कांतला तिसरा तुमचाच आहे.

तो ‘दिवाळीला घरी’ येईल का? हा प्रश्न अपिलाच्या निकालाचा नाही, त्याआधीच्या एका अर्जाचा आहे. अपील दाखल करताना शिक्षा स्थगित करून जामीन द्या असा अर्ज सोबत असतोच, आणि खरी घाई तिथे असते. अंतिम सुनावणीला वर्षं जातात. कबूल करायला हवं की दहा वर्षांसारख्या ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, अपील लवकर ऐकलं जाणार नसेल तर, स्थगितीकडे न्यायालयं जन्मठेपेपेक्षा मोकळ्या मनाने बघतात. त्याचे वकील तेच म्हणतील. त्याला उत्तर २०२३ चा ओमप्रकाश सहानी आणि २०२५ चा जमनालाल हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. दुसरा तर चौदा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराचा, पोक्सोचाच. त्यांत म्हटलं आहे की स्थगिती देताना पुरावा पुन्हा तोलत बसायचं नाही. निकालात वरवर पाहताच दिसणारी, सुटकेची दाट शक्यता दाखवणारी चूक आहे का, एवढंच बघायचं. जमनालालमध्ये उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

या अर्जाच्या सुनावणीत तुम्ही असणं म्हणूनच गरजेचं आहे. पोक्सो नियमांनुसार अशा अर्जांची माहिती मुलाच्या कुटुंबाला द्यावी लागते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अर्जुन मालगे प्रकरणात पोलीस, वकील आणि न्यायालयं या तिघांनाही ती जबाबदारी आखून दिली. तरी व्यवहारात नोटीस चुकते. घर बदललेलं असतं, फोन बदललेला असतो, हवालदार ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा मारून परत जातो. आजच पोलीस ठाण्यात सध्याचा पत्ता आणि दोन फोन नंबर लेखी द्या, आणि नोटीस द्यायला येण्याआधी फोन करा असंही त्यात लिहा, म्हणजे दारात पोलीस बघून गल्ली गोळा होणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, सांगलीचं अपील तिथेच जाईल. मुंबईच्या खेपा नाहीत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर उच्च न्यायालयाच्या विभागात आठवड्यातून एकदा आरोपीच्या नावाने शोध घेत राहा.

शपथपत्राबाबत मात्र स्पष्ट सांगतो, देऊ नका. शिक्षा कमी करण्यासाठी तडजोड हे कारण होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिंभू खटल्यात सांगितलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रामजीलाल बैरवा खटल्यात पोक्सोचा गुन्हा समझोत्यावर रद्दही होत नाही असं म्हटलं. म्हणजे त्याला त्या कागदाचा कायदेशीर फायदा नाही. तुम्हाला तोटा मात्र आहे. कोर्टात शपथेवर एक सांगून आता शपथेवर दुसरं लिहिलं तर खोटी साक्ष दिल्याबद्दल तुमच्यावरच कारवाईची मागणी होऊ शकते, आणि स्थगितीच्या अर्जात तोच कागद ‘घरच्या भांडणातून गोवलं’ म्हणून फडकवला जाईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोक्सो खटल्यात दोषी ठरलेल्याला शिक्षाच दिली नाही, हे उदाहरण कुणी पुढे करेल. तो खटला प्रेमसंबंधातून लग्न आणि मूल झालेल्या जोडप्याचा होता, आणि तो निकाल अनुच्छेद १४२ खालच्या, फक्त सर्वोच्च न्यायालयाकडे असलेल्या, अधिकारातला होता. तुमच्या प्रकरणाशी त्याचं काही नातं नाही. भावकीतून दबाव वाढला, तर कोण आलं, कधी, काय म्हणालं, हे तारखेसह लिहून पोलिसांना द्या आणि त्याची पोच सरकारी वकिलांना. स्थगितीला विरोध करताना याइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

आणि मुलाचं. त्याला कोल्हापूरला जावं लागणार नाही. अपील कागदांवर चालतं : खालच्या न्यायालयाचं सगळं रेकॉर्ड मागवलं जातं, त्याचं पेपर बुक बनतं, आणि दोन्ही बाजूंचे वकील त्यातली पानं दाखवून बोलतात. नवी साक्ष घ्यायचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, पण तो अपवादाने वापरला जातो, आणि मुलाला वारंवार साक्षीला बोलावू नये असं पोक्सो स्वतःच सांगतं. त्याचं नावही कुठे येता कामा नये. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालानुसार पीडिताच्या बाजूने दाखल होणाऱ्या अपिलातही नाव देण्याची गरज नाही. भरपाईच्या अर्जात किंवा सरकारी वकिलांना द्यायच्या अर्जात ‘पीडित बालकाची आई’ आणि खटल्याचा क्रमांक एवढं पुरतं.

वकील नेमायला पैसे नाहीत असं पत्राच्या कडेला लिहिलंय. स्त्रिया आणि मुलांना मोफत विधी साहाय्य मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि पोक्सोच्या कलम ४० ने कुटुंबाला स्वतःच्या वकिलाचा हक्कच दिला आहे. हे वकील सरकारी वकिलांना मदत करतात, लेखी युक्तिवाद देतात. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला की तो उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवता येतो. सोबत निकालाची प्रमाणित प्रत, दोषारोपपत्राची प्रत, जन्मदाखला आणि भरपाईबाबत आजवर झालेला पत्रव्यवहार लावा. निकालाची प्रत अजून घेतली नसेल तर सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात उद्याच अर्ज टाका; साठातले महिनाभर दिवस गेले आहेत.